मेल आलेला असतो, फोन सांगत नाही

तुमचे प्रश्न, आमची उत्तरं

या वेळी फोनबद्दलची बरीचशी पत्रं एकाच दुखण्याची आहेत, मेल उशिरा येतो किंवा येतच नाही, आणि बॅटरी संध्याकाळपर्यंत टिकत नाही. लोक हे दोन वेगळे प्रश्न समजून लिहितात पण बहुतेक वेळा ते एकमेकांत अडकलेले असतात, बॅटरी वाचवायला म्हणून जे काही चालू केलेलं असतं त्यानेच मेल अडवलेला असतो. म्हणून सगळी एकत्रच घेतेय. नावं छापत नाहीये, कुठून लिहिलंय तेवढं ठेवलंय.

ताई, मी कळव्याला राहते, बीकॉम झालंय आणि नोकरी शोधतेय. ऐरोलीच्या एका कंपनीने इंटरव्ह्यूचा मेल सकाळी सव्वाअकराला पाठवला होता आणि दुपारी तीनच्या आत कन्फर्म करायचं होतं. मी तो बघितला रात्री, तोही सहज ॲप उघडलं म्हणून, आणि उघडल्या उघडल्या धडाधड सात-आठ मेल आले. दिवसभर फोन जवळच होता, व्हॉट्सॲप सगळं येत होतं. फोन तीन वर्षं जुना आहे (अँड्रॉइड) त्यामुळे बॅटरी सेव्हर कायम चालू ठेवते, नाहीतर संध्याकाळी बंद पडतो. काय करू?
(एक वाचक, कळवा)

अगं सगळ्यात आधी त्या कंपनीला दोन ओळींचा मेल टाक, की मेल उशिरा मिळाला, अजून जागा असेल तर मी यायला तयार आहे. फोनही कर. तारखा पुढेमागे होत असतात, विचारायला काही लागत नाही. हे आज कर, फोनचं नंतर.

आता फोन. मेल वेळेवर दिसला नाही म्हणजे तीनपैकी एक गोष्ट झालेली असते. एकतर मेल तुझ्या खात्यावर पोचलाच नव्हता, किंवा खात्यावर होता पण फोनने उतरवून घेतला नाही, किंवा फोनवर उतरला पण वाजला नाही. तिन्हीची औषधं वेगळी आहेत आणि लोक न बघताच ॲप डिलीट करून परत टाकत बसतात. पुढच्या वेळी मेल यायला हवा होता असं वाटलं की ॲप उघडायच्या आधी ब्राउझरमध्ये जाऊन तेच खातं उघडून बघ. तिथे मेल आहे आणि ॲपमध्ये नाही, म्हणजे सिंकचं (खात्यावरचा मेल फोनवर उतरवून घेण्याचं) दुखणं. दोन्हीकडे आहे पण घंटी वाजली नाही, म्हणजे नोटिफिकेशनचं. तू लिहिलंयस की ॲप उघडल्यावर सगळे एकदम आले, त्यावरून तुझं सिंकचं आहे हे जवळजवळ नक्की.

हे होतं कसं ते सांगते कारण कळलं की सेटिंग लक्षात राहतात. २०१५ साली अँड्रॉइड ६ आलं त्यात गुगलने डोझ नावाची सोय घातली, म्हणजे फोन चार्जिंगला नाही, स्क्रीन बंद आहे, हलत नाहीये, असं काही वेळ झालं की फोन झोपतो आणि सगळ्या ॲप्सचं इंटरनेट बंद करतो, मग मधेमधे थोडा वेळ जागा होऊन साचलेली कामं उरकतो, आणि जितका जास्त वेळ तो पडून राहील तितकी ही जागं व्हायची वेळ लांबत जाते. पुढच्याच वर्षी अँड्रॉइड ७ मध्ये याची हलकी आवृत्ती आली, ती फोन पर्समध्ये हलत असतानासुद्धा लागू होते. २०१८ च्या अँड्रॉइड ९ पासून तर फोन ॲप्सच्या रांगा लावायला लागला, रोज उघडतेस ते ॲप वरच्या रांगेत, कधीतरी उघडतेस ते सगळ्यात खालच्या. व्हॉट्सॲप तू दर दहा मिनिटांनी उघडतेस, ते वर. मेलचं ॲप आठवड्यातून एकदोनदा उघडत असशील तर फोनच्या मते ते तुझ्या फारसं कामाचं नाही, आणि खालच्या रांगेतल्या ॲपला इंटरनेट कमी वेळा मिळतं. नोकरी शोधणाऱ्या माणसाचं नेमकं इथेच अडतं, मेल क्वचित येतो पण आला की तो महत्त्वाचा असतो, आणि फोनला हे कळायला काही मार्ग नाही.

जीमेलच्या ॲपला तसा एक वेगळा रस्ता आहे. नवीन मेल आला की गुगलचा सर्व्हर फोनला ढोसतो, त्याला पुश म्हणतात, आणि महत्त्वाचा म्हणून पाठवलेला पुश झोपलेल्या फोनलाही उठवू शकतो. पण त्याच्यावर बॅटरी सेव्हर चालू असला की मागे चालणारी कामं आणखी आवळली जातात, मेलसारखी सिंकवर चालणारी ॲप्स उघडल्याशिवाय अपडेट होतीलच असं नाही. आणि त्याच्यावर फोन बनवणाऱ्या कंपन्यांची स्वतःची बॅटरी वाचवायची कलमं असतात ती निराळी, आणि माझं स्पष्ट मत आहे की बहुतेकांचं घोडं तिथेच अडतं. कंपनीला जाहिरातीत बॅटरी दोन दिवस चालते असं दाखवायचं असतं, त्याची किंमत मेलची वाट बघणाऱ्याने मोजायची हे मला पटत नाही.

तर करायचं काय. मेल ॲपच्या आयकॉनवर बोट दाबून धर, ॲप इन्फोमध्ये जा, बॅटरी उघड, तिथे अनरिस्ट्रिक्टेड कर. सॅमसंग असेल तर बॅटरीच्या सेटिंगमध्ये बॅकग्राउंड यूसेज लिमिट्स आहे, त्यात स्लीपिंग आणि डीप स्लीपिंग अशा याद्या असतात, मेल त्यात असेल तर काढ आणि कधीच झोपवू नका अशी जी यादी आहे तिच्यात टाक. रेडमी, पोको, शाओमीला दोन ठिकाणं बघायची, ऑटोस्टार्ट चालू आणि बॅटरी सेव्हरमध्ये त्या ॲपला नो रिस्ट्रिक्शन्स. रियलमी, ओप्पो, वनप्लसला ॲपच्या बॅटरी पानावर बॅकग्राउंड ॲक्टिव्हिटी आणि ऑटो लाँचची परवानगी. विवोला बॅकग्राउंडला किती बॅटरी खाऊ द्यायची त्याची यादी आणि ऑटोस्टार्ट. दरवर्षी अपडेटबरोबर ही नावं आणि जागा बदलतात म्हणून पाठ करू नकोस, सेटिंगमध्ये वर शोधायची जी पट्टी असते तिथे बॅटरी किंवा ऑटो असं टाईप केलं की सापडतं. आणि मोठं अपडेट आलं की एकदा परत बघ, कधीकधी हे सगळं पुसलं जातं.

मग डेटा सेव्हर बघ, तो बॅटरी सेव्हरपेक्षा वेगळा असतो, तो चालू असला तर मोबाईल डेटावर मागची ॲप्स बंद राहतात आणि वायफायवर मात्र सगळं नीट चालतं, त्यामुळे घरी येतो आणि बाहेर येत नाही अशी तक्रार असेल तर हाच. त्यात मेलला अनरिस्ट्रिक्टेड डेटा देता येतो. अकाउंट्सच्या पानावर आपोआप सिंक करायचं बटण चालू आहे ना, आणि जीमेलच्या आत तुझ्या खात्याखाली सिंक जीमेलला टिक आहे ना, तेही बघ.

एक सवय सोड. रीसेंटमध्ये जाऊन सगळी ॲप्स वर सारून टाकायची. बऱ्याच जणींना वाटतं त्याने बॅटरी वाचते. वाचत नाही, उलट ॲप परत पहिल्यापासून सुरू करायला जास्त जाते, आणि काही कंपन्यांच्या फोनमध्ये असं सारलं की ॲप पूर्ण बंदच होतं, मग तू परत उघडेपर्यंत मेल नाही. काही फोनमध्ये रीसेंटमधल्या ॲपला कुलूप लावता येतं, ते मेलला लाव.

नोटिफिकेशनचंही एकदा बघून घे कारण नोकरीचे मेल इथे फार हरवतात. जीमेलमध्ये प्रायमरी, प्रमोशन्स, अपडेट्स असे कप्पे असतात आणि साधारणपणे फक्त प्रायमरीचं वाजतं. कंपन्या इंटरव्ह्यूचे मेल हल्ली सॉफ्टवेअरमधून पाठवतात, ते अपडेट्समध्ये जाऊन पडतात, कधी स्पॅममध्ये. नोकरी मिळेपर्यंत तरी कप्पे बंद करून ठेव, जीमेलच्या सेटिंगमध्ये इनबॉक्सचा प्रकार आणि कप्पे बदलता येतात, आणि नोटिफिकेशन ऑल ठेव. स्पॅम रोज सकाळी एकदा बघायचाच.

आता बॅटरी, कारण सेव्हर बंद केला तर फोन बंद पडतो हेही खरंच आहे. सेटिंगमध्ये बॅटरी यूसेज उघडून बघ कोण किती खातंय. मेलचं नाव वरच्या चारपाचात बहुधा नसेलच, साधा मजकुराचा मेल म्हणजे काही केबीचं काम. वर असतात स्क्रीन, रील्स, व्हिडिओ, हॉटस्पॉट. म्हणून बॅटरी सेव्हर दिवसभर न लावता २० टक्क्यांवर आपोआप चालू होईल असा लाव, ब्राइटनेस कमी कर, स्क्रीन ३० सेकंदांत बंद होईल असं ठेव. आणि तीन वर्षं रोज चार्ज झालेली बॅटरी थकलेली असणार, बऱ्याच फोनच्या बॅटरीचा हिशोब साधारण ५०० पूर्ण चार्जनंतर मूळ क्षमतेच्या ८० टक्के असाच असतो. सर्व्हिस सेंटरला बॅटरी बदलायला किती घेतात ते विचार, नवीन फोनपेक्षा फार कमी लागतात.

सगळं करून झालं की मैत्रिणीला सांग तासाभराने मला एक मेल टाक, आणि तोवर फोन चार्जरला न लावता टेबलावर पालथा ठेव, हात लावू नकोस. तिने पाठवलेली वेळ आणि घंटी वाजल्याची वेळ बघ. मिनिटा-दोन मिनिटांत वाजलं तर जमलं. नाही वाजलं तर मॉडेलचं नाव लिहून परत पत्र पाठव, मी बघते.

नमस्कार. मी तुर्भ्याला एका कोल्ड स्टोरेजमध्ये सुपरवायझर आहे. गाड्यांचे गेट पास आणि ऑर्डरी मेलवर येतात. आत चेंबरमध्ये गेलं की फोन ४० टक्क्यांवरून एकदम बंद, बाहेर येऊन चालू केला तर परत ३५ दाखवतो. बाहेर असलो तरी दुपारपर्यंत बॅटरी अर्ध्यावर येते. सहकारी म्हणतात मेलचं सिंक बंद कर, तेच बॅटरी खातंय. खरं का?
(एक वाचक, तुर्भे)

दादा, सिंक बंद करू नका, तुमचं काम त्याच्यावर आहे आणि चोर तो नाहीच.

तुमच्याकडे दोन गोष्टी एकत्र झाल्यात. पहिली थंडी. फोनची लिथियम-आयन बॅटरी गारठली की तिच्या आतली रासायनिक क्रिया मंदावते आणि आतला रोध वाढतो, मग फोनने थोडी जास्त वीज मागितली की व्होल्टेज एकदम खाली येतं आणि फोन स्वतःला वाचवायला बंद होतो. चार्ज कुठे गेलेला नसतो, ऊब मिळाली की परत दिसतो, म्हणून तुम्हाला ३५ दिसतं. ॲपलने आयफोनसाठी ० ते ३५ अंश एवढंच तापमान वापरायला ठीक म्हणून दिलंय, बाकीच्या फोनचंही साधारण तसंच असतं, आणि तुमचं चेंबर उणे तापमानाचं असेल तर फोनची ती जागाच नाही. आत जाताना फोन जॅकेटच्या आतल्या खिशात, अंगाला लागून ठेवा, पँटच्या मागच्या खिशात नको. आतमध्ये व्हिडिओ कॉल, फ्लॅश लावून फोटो हे टाळता आलं तर टाळा, नेमकं त्यावेळीच फोन जास्त वीज मागतो.

आणि हे फार महत्त्वाचं आहे, बाहेर आल्या आल्या चार्जरला लावू नका. गोठणबिंदूच्या खाली गारठलेली बॅटरी चार्ज केली तर आत धातूचं लिथियम साचतं, ते परत निघत नाही आणि बॅटरी कायमची खराब होते. त्यात तुर्भ्याच्या दमट हवेत गार फोन बाहेर काढला की चष्म्यावर जसं धुकं येतं तसं फोनवर आणि चार्जिंगच्या भोकातही पाणी धरतं. पुसून पंधरावीस मिनिटं तसाच राहू दे, मग चार्जर.

दुसरी गोष्ट नेटवर्क. कोल्ड स्टोरेजच्या भिंती म्हणजे इन्सुलेशनचे जाड पॅनल, त्यांना दोन्ही बाजूंनी पत्रा, आणि पत्रा मोबाईलचे सिग्नल अडवतो. सिग्नल कमी झाला की फोन टॉवरपर्यंत पोचायला आपली ताकद वाढवतो, अजिबात नसला की सारखा शोधत बसतो, आणि बॅटरी तिथे जाते. मेलही मग जायचा प्रयत्न करतो, अडकतो, परत प्रयत्न करतो. बॅटरी यूसेजमध्ये मोबाईल नेटवर्क असं नाव वर दिसत असेल तर हेच. तुमच्या ऑफिसच्या केबिनमध्ये वायफाय असेलच, मालकाला सांगून एक ॲक्सेस पॉइंट (वायफाय पसरवणारा डबा) चेंबरच्या बाहेरच्या पॅसेजमध्ये लावून घ्या आणि फोनमध्ये वायफाय कॉलिंग चालू करा, खर्च थोडा आहे पण सगळ्या सुपरवायझरांचं काम होईल. ते होईपर्यंत आत जाताना विमान मोड लावा, बाहेर आल्यावर काढा, काढल्यावर मेल आपोआप येतात, नाही आले तर इनबॉक्स खाली ओढा. फाईव्ह जी तुमच्या शेडमध्ये एकदोनच कांड्या दाखवत असेल तर नेटवर्क टाईप फोर जीवर ठेवून बघा, सारखं वरखाली करण्यात बॅटरी जाते ती वाचेल.

गेट पास पाठवताना तो आउटबॉक्समध्ये अडकलाय का तेवढं बघत जा. क्यूमध्ये आहे असं लिहिलेलं असतं, म्हणजे गेलेला नाही. आणि अशा वेळी कुणी सांगितलं ॲपचा डेटा क्लीअर कर तर करू नका, न गेलेला मेल त्यात जाऊ शकतो. कॅशे क्लीअर केलं तर चालतं.

मी नेरूळच्या आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी आहे, वय ६८. सोसायटीचा मेल आमच्या वेबसाईटच्या नावाने आहे, तो मी फोनवर जीमेलच्या ॲपमध्ये घेतो आणि ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर मॅनेजर बघतो. दोन अडचणी. फोनवर मेल उशिराने येतात. आणि काही मेल मॅनेजरला दिसतात पण मला कधीच दिसत नाहीत, त्यात महापालिकेचं एक पत्रही होतं.
(एक वाचक, नेरूळ)

काका, दुसरी अडचण आधी घेते कारण ती जास्त वाईट आहे. कॉम्प्युटरवर तुमचं खातं बहुतेक पॉप पद्धतीने लावलंय. ही जुनी पद्धत, सर्व्हरवरून मेल उतरवून घ्यायचा आणि सर्व्हरवरचा पुसून टाकायचा, एकच कॉम्प्युटर असायचा तेव्हा ते ठीक होतं. मॅनेजरने सकाळी कॉम्प्युटर चालू केला की मेल तिकडे उतरतो, आणि तुमच्या फोनने तोवर घेतला नसेल तर तुमच्यासाठी तो उरतच नाही. महापालिकेचं पत्र असंच गेलं असणार. दोन्हीकडे आयमॅप लावा, त्यात मेल सर्व्हरवरच राहतो आणि सगळे तोच बघतात, एकाने वाचला तर दुसऱ्याला वाचलेला दिसतो. बदलायच्या आधी मॅनेजरच्या कॉम्प्युटरवर जे मेल साठलेत त्याचा बॅकअप घ्यायला विसरू नका, काही वर्षांचा पत्रव्यवहार फक्त त्या एकाच मशीनवर असेल, आणि पुढच्या कमिटीला तो लागणार आहे. वेबसाईट ज्याने करून दिली त्याला बोलावून त्याच्याच समोर करा.

उशिराचं कारण साधं आहे. जीमेलच्या ॲपमध्ये जीमेलचं खातं पुशवर चालतं, पण दुसऱ्या कुणाचं आयमॅप खातं टाकलं तर ॲप ठरावीक वेळाने जाऊन बघतं. पुश म्हणजे पत्र आलं की वॉचमनने इंटरकॉमवर सांगणं, आणि हे म्हणजे तुम्हीच थोड्या थोड्या वेळाने खाली उतरून पेटी बघून येणं. सेटिंगमध्ये त्या खात्याखाली सिंक फ्रीक्वेन्सी आहे, सगळ्यात कमी १५ मिनिटं मिळतात. सोसायटीच्या कामाला तेवढं पुरे, पाण्याची टाकी ओसंडली तर कुणी मेल करत नाही, फोनच करतं. तरी लगेच हवा असेल तर थंडरबर्ड हे ॲप अँड्रॉइडवर २०२४ पासून फुकट मिळतं, त्यात आयमॅपचं पुश आहे, मात्र ते सर्व्हरशी जोडणी कायम उघडी ठेवतं त्यामुळे थोडी बॅटरी जास्त जाते आणि वर एक नोटिफिकेशन सारखं दिसत राहतं. ते बिघाड नाही, तसंच असतं.

आणि काका, पासवर्ड तुम्हा दोघांचा एकच असेल तर मॅनेजर बदलला की त्याच दिवशी तो बदला.

नौपाड्यात शाळेत शिकवते. आयफोन आहे, वर बॅटरी कायम पिवळी दिसते. ॲपलच्या मेल ॲपमध्ये जीमेल लावलंय, उघडल्याशिवाय काहीच येत नाही. बहिणीच्या आयफोनवर लगेच येतात.
(एक वाचक, ठाणे)

पिवळी बॅटरी म्हणजे लो पॉवर मोड. २०१५ पासून आयफोनमध्ये आहे आणि तो चालू असला की फोन स्वतःहून मेल आणायला जात नाही, तुम्ही ॲप उघडलंत की जातो. चार्जिंग ८० टक्क्यांवर गेलं की तो आपोआप निघतो, तुमचा कायम पिवळा म्हणजे एकतर तुम्ही रोज लावताय किंवा शॉर्टकट्सच्या ॲपमध्ये कुणीतरी तो आपोआप चालू होईल असं लावून ठेवलंय.

तो काढलात तरी ॲपलच्या मेलमध्ये जीमेल पुशने येत नाही, ठरावीक वेळाने आणला जातो, त्याला फेच म्हणतात. मेलच्या सेटिंगमध्ये अकाउंट्सखाली फेच न्यू डेटा उघडा, तिथे ऑटोमॅटिकली असेल तर फोन चार्जिंगला आणि वायफायवर असतानाच मेल आणतो, त्यामुळे शाळेत दिवसभर काही येत नाही आणि रात्री घरी सगळं येतं. पंधरा मिनिटं करा. किंवा सरळ जीमेलचं स्वतःचं ॲप टाका, त्यात पुश आहे, बहिणीकडे बहुतेक तेच असणार.

आईचं जीमेल खातं आहे, कोपरीला राहते. विमा कंपनी म्हणते मेल परत आला. आईला मात्र रोज मेल येतो की तुमचा मेलबॉक्स भरलाय, इथे क्लिक करा. क्लिक करू का?
(एक वाचक, कोपरी, ठाणे पूर्व)

क्लिक करू नका. त्या मेलमधलं कुठलंच बटण नाही. जागा खरंच भरलेली असू शकते, पण ते मेलमधून नाही, जीमेलचं ॲप उघडून उजव्या कोपऱ्यातल्या फोटोवर टॅप करून बघायचं, किती जीबीपैकी किती वापरलं ते तिथेच दिसतं. मेलबॉक्स भरलाय म्हणून पासवर्ड टाकायला लावणं ही फसवणाऱ्यांची जुनी आणि अजूनही चालणारी युक्ती आहे, कारण ज्याचं भरलेलं असतं त्याला ते खरं वाटतं. आईंनी आधीच कधी पासवर्ड टाकला असेल तर आत्ताच बदला आणि टू-स्टेप व्हेरिफिकेशन (पासवर्डबरोबर आणखी एक खात्री मागणारं कुलूप) लावा, पैसे गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन करा, उशीर करू नका.

गुगल फुकटात १५ जीबी देतं आणि ती जागा जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो तिघांत मिळून आहे. १ जून २०२१ पासून नवीन फोटोही त्यातच मोजले जातात, आणि अँड्रॉइडवरचा व्हॉट्सॲपचा बॅकअपसुद्धा आता मोजला जातो, पूर्वी तो मोजत नव्हते. आईंच्या ग्रुपवर रोज येणारे सुप्रभातचे व्हिडिओ बॅकअपमध्ये जातात, जागा तिथे जाते, मेलमुळे नाही. जागा संपली की नवीन मेल घेतला जात नाही आणि पाठवणाऱ्याकडे परत जातो, विमा कंपनी खरंच सांगतेय. व्हॉट्सॲपच्या बॅकअप सेटिंगमध्ये व्हिडिओ वगळा, गुगलच्या स्टोरेजच्या पानावर मोठ्या फायली आकाराप्रमाणे दिसतात त्यातल्या नको त्या काढा, आणि ट्रॅश रिकामा करा, कारण जीमेल आणि ड्राइव्हच्या ट्रॅशमधलं ३० दिवस जागा धरून बसतं. मग विमा कंपनीला सांगा परत पाठवा.

जुन्या फोनच्या मेल ॲपमध्ये पासवर्ड बरोबर टाकूनही चुकीचा म्हणतं. कॉम्प्युटरवर तोच चालतो.
(एक वाचक, घणसोली)

पासवर्ड बरोबरच आहे, ॲप जुनं आहे. नुसता पासवर्ड पाठवून आत जायची पद्धत गुगलने आणि मायक्रोसॉफ्टने बंद केली, आउटलुकच्या घरगुती खात्यांना ती सप्टेंबर २०२४ पासून चालत नाही. ॲप अपडेट करा, खातं काढून परत टाका, त्या कंपनीचं स्वतःचं लॉगिनचं पान उघडलं पाहिजे. जीमेल असेल आणि ॲप तसं करूच शकत नसेल तर टू-स्टेप लावून १६ अक्षरी ॲप पासवर्ड, म्हणजे फक्त त्या ॲपपुरता वेगळा पासवर्ड, काढता येतो. आणि फोनची तारीख-वेळ बरोबर आहे ना बघा, ती चुकली तरी सर्व्हर आत घेत नाही.

बॅटरी वाचवणारं चांगलं ॲप सांगा. सध्या दोन टाकलीत पण फोन गरम होतो, आणि मागचं झाकण थोडं वर आल्यासारखं वाटतंय.
(एक वाचक, वाघबीळ, घोडबंदर रोड)

ॲप एकही सांगणार नाही, आहेत ती दोन्ही काढा, ती स्वतःच सारखी चालत राहतात, जाहिराती दाखवतात आणि बंद केलेली ॲप्स परत परत उठतात. पण ते नंतर. झाकण वर आलंय म्हणजे बॅटरी फुगलीय असं धरून चाला. फोन आत्ता चार्जिंगवर असेल तर काढा, बंद करा, परत चार्ज करू नका, झाकण दाबून बसवायचा प्रयत्न करू नका, टोचू नका. उशीजवळ, कपाटात नको, खाली लादीवर मोकळ्या जागी ठेवा, आसपास काही पेटण्यासारखं नसेल असं. उद्या सकाळी सर्व्हिस सेंटरला घेऊन जा आणि आधी फोन करून सांगा की बॅटरी फुगलेली आहे. जुनी बॅटरी त्यांच्याकडेच द्या, ओल्या-सुक्या कचऱ्याच्या गाडीत टाकू नका, तिथे ती दाबली गेली तर आग लागते आणि भाजतं सफाई कामगाराला.